‘अनएक्स्पेक्टेड टोकन’: जेसन मागितलं, एचटीएमएल आलं. हा एरर परत परत का येतो आणि कायमचा कसा घालवायचा

कन्सोलमध्ये लाल ओळ उमटते: ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’, पुढे अवतरणात ‘<’ हे एकच चिन्ह आणि शेवटी ‘इज नॉट व्हॅलिड जेसन’. (जेसन म्हणजे प्रोग्रॅमने वाचायची डेटाची मांडणी, एचटीएमएल म्हणजे ब्राउझरने माणसाला दाखवायचं पान.) तोच एपीआय पोस्टमन या तपासणीच्या साधनातून मारून बघितला तर जेसन नीट येतं. पान रिफ्रेश केलं की एरर गायब. तिकिटावर ‘रिप्रोड्यूस होत नाही’ असं लिहून ते बंद केलं जातं. तीन आठवड्यांनी तोच एरर, दुसऱ्याच पानावर, दुसऱ्याच युजरला.

वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये हा एरर माझ्यासमोर इतक्यांदा आलाय की आता त्याच्यावर सविस्तर लिहिणं गरजेचं वाटतं. दर वेळी आम्ही डागडुजी करायचो आणि दर वेळी तो परत यायचा, कारण आम्ही जेसनमधली चूक शोधत बसायचो. मुळात जेसन आलेलंच नसायचं. खरं शोधायचं असतं ते एवढंच: आपल्या रिक्वेस्टला उत्तर दिलं कोणी? हा प्रश्न आधी विचारायची सवय लागली आणि ज्या शोधात पूर्वी दोन-दोन दिवस जायचे तो बहुतेक वेळा दहा मिनिटांत संपायला लागला.

खालचं सगळं फेच, म्हणजे ब्राउझरचं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन, थेट वापरणाऱ्यांना लागू आहे, तसंच केवायसारखी फेचवर बांधलेली, एकही डिपेंडन्सी नसलेली छोटी लायब्ररी वापरणाऱ्यांनाही. अ‍ॅक्सिओस ही दुसरी लायब्ररी वापरणाऱ्यांना हाच आजार वेगळ्या लक्षणांनी होतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

एरर नेमकं काय सांगतोय

ब्राउझरप्रमाणे शब्द बदलतात. क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्या ‘<’ सोबत मजकुराची पहिली काही अक्षरंही दाखवतात, त्यात बहुतेक वेळा ‘<!डॉकटाइप’ दिसतं. फायरफॉक्स म्हणतो ‘जेसन डॉट पार्स: अनएक्स्पेक्टेड कॅरॅक्टर अ‍ॅट लाइन १ कॉलम १’. सफारीमध्ये ‘जेसन पार्स एरर: अनरेकग्नाइज्ड टोकन’ येतं. तिघांचं म्हणणं एकच.

जेसनची सुरुवात ठरावीक चिन्हांनीच होऊ शकते: महिरपी कंस, चौकटी कंस, दुहेरी अवतरण, अंक, वजाचं चिन्ह, किंवा ट्रू, फॉल्स, नल यांचं पहिलं अक्षर. आधी रिकामी जागा चालते. ‘<’ या यादीत नाही, त्यामुळे पार्सर पहिल्याच पावलाला अडतो. म्हणून एररमधली जागा नीट वाचा. पोझिशन शून्य किंवा लाइन १ कॉलम १ असेल आणि चिन्ह ‘<’ असेल, तर समोर एचटीएमएल पान आहे, विषय संपला. पोझिशन चार-पाच हजारांच्या घरात असेल तर तो वेगळा आजार: जेसन खरंच तुटलंय किंवा अर्धवट आलंय. त्याचा उपाय या लेखात नाही.

आता एचटीएमएल पाठवलं कोणी? ब्राउझर आणि तुमच्या बॅकएंडचा कोड यांच्यामध्ये बरीच मंडळी उभी असतात: सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी स्क्रिप्ट), सीडीएन (फायली जवळून पुरवणारं सर्व्हरचं जाळं), लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट वाटून देणारा), रिव्हर्स प्रॉक्सी (बॅकएंडसमोर उभा असलेला सर्व्हर, जसा एनजिनएक्स), फ्रेमवर्कचं मिडलवेअर (तुमच्या कोडआधी चालणारा कोड). यातला प्रत्येकजण तुमचा कोड चालायच्या आधीच परस्पर उत्तर देऊ शकतो. आणि समोर माणूस ब्राउझर उघडून बसलाय असं गृहीत धरून त्यातले बहुतेक एचटीएमएलमध्येच बोलतात.

कोडला हात लावण्याआधी

डेव्हटूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा, नाहीतर पान बदललं की पुरावा पुसला जातो. बिघडलेली रिक्वेस्ट निवडा. स्टेटस किती, रिस्पॉन्स हेडरमध्ये कंटेंट-टाइप (मजकूर कोणत्या प्रकारचा) काय, आणि यूआरएल आपण मागितला तोच आहे का, हे बघा. मग प्रिव्ह्यू टॅबवर जा. तिथे ते एचटीएमएल चित्रासारखं रंगवून दिसतं. कितीतरी वेळा तिथेच उलगडा होतो: आपल्याच अ‍ॅपचं लॉगिन पान छोट्या आकारात समोर उभं असतं, किंवा पांढऱ्या पानावर मधोमध ‘५०२ बॅड गेटवे’ आणि खाली एनजिनएक्सचं नाव. बॅकएंडला एक्स्प्रेस हे फ्रेमवर्क असेल तर ‘कॅनॉट गेट’ आणि पुढे पाथ. उत्तर देणारा आपली सही करून गेलेला असतो.

क्रोममध्ये साइझच्या रकान्यात कंसात ‘सर्व्हिसवर्कर’ दिसत असेल तर रिक्वेस्टला उत्तर सर्व्हिस वर्करने दिलंय. ऑफलाइन पान दाखवायचा कोड लिहिताना मोड ‘नेव्हिगेट’ आहे का हे तपासायचं राहून गेलं की ते पान प्रत्येक एपीआय कॉललाही मिळायला लागतं. अट घाला, प्रश्न सुटला.

लायब्ररी आहे म्हणून निर्धास्त राहू नका

फेचचा एक स्वभाव सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण घाईत विसरला जातो: ४०४ किंवा ५०० आलं तरी फेचचं प्रॉमिस रिजेक्ट होत नाही. कनेक्शन तुटणं, सीओआरएसने (दुसऱ्या साइटचं उत्तर वाचण्यावरच्या ब्राउझरच्या नियमाने) अडवणं, अ‍ॅबॉर्ट करणं, अशा वेळीच ते रिजेक्ट होतं. सर्व्हरकडून काहीही उत्तर आलं की फेचच्या दृष्टीने काम फत्ते. उत्तर चांगलं की वाईट हे आपण रिस्पॉन्सची ‘ओके’ ही प्रॉपर्टी बघून ठरवायचं. २०० ते २९९ मध्ये ती ट्रू असते. ती न बघता थेट जेसन मेथड बोलावली की ५०२ चं एचटीएमएल पान पार्सरच्या तोंडात जातं आणि खऱ्या ५०२ ऐवजी आपल्याला दिसतो तो ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’. मूळ बिघाड झाकला गेला आणि भलतीकडेच बोट दाखवलं गेलं.

केवाय हे काम आपणहून करते. स्टेटस २०० च्या घरातलं नसेल तर ती एचटीटीपी-एरर फेकते आणि त्या एररला मूळ रिस्पॉन्स जोडलेला असतो. त्यामुळे केवाय आणली की ‘<’ चे निम्मे एरर खरंच बंद होतात, आणि केवळ एवढ्यासाठीसुद्धा मी तिची शिफारस करेन. पण उरलेले निम्मे जास्त चिवट असतात, कारण त्यांत स्टेटस २०० असतं. लायब्ररीला सगळं ठीकच वाटतं. रिट्रायचाही इथे उपयोग नाही. केवाय गेट रिक्वेस्टला डीफॉल्टने दोन वेळा पुन्हा प्रयत्न करते, पण ते ५०२, ५०३ अशा ठरावीक स्टेटसना. २०० ला पुन्हा कोण प्रयत्न करेल?

अ‍ॅक्सिओसमध्ये चित्र आणखी फसवं आहे. तिच्या डीफॉल्ट सेटिंगमध्ये जेसन पार्स झालं नाही तर ती गप्प बसते आणि ‘डेटा’मध्ये कच्चा मजकूर तसाच ठेवते. त्यामुळे ‘<’ चा एरर कधी दिसतच नाही. अख्खं एचटीएमएल पान स्ट्रिंग म्हणून पुढे सरकतं आणि तीन फायली पलीकडे एखाद्या कॉम्पोनंटमध्ये ‘मॅप इज नॉट अ फंक्शन’ असा एरर फुटतो. हा एरर दिसला की कॉम्पोनंटमध्ये शोधाशोध करण्याआधी डेटाचा प्रकार छापून बघा. स्ट्रिंग निघाली तर तुम्ही याच लेखाच्या विषयात आहात.

स्टेटस २०० आणि आत एचटीएमएल: पहिला प्रकार, चुकलेला पत्ता

सिंगल पेज अ‍ॅपच्या सर्व्हरला आपणच सांगून ठेवलेलं असतं की ओळखीची फाइल सापडली नाही तर इंडेक्सचं पान दे, म्हणजे राउटर पुढचं बघेल. हा नियम एपीआयच्या चुकलेल्या पत्त्यालाही लागू होतो. जिथे खणखणीत ४०४ यायला हवा तिथे २०० आणि इंडेक्स पान येतं.

पत्ता चुकतो कसा? माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमुळे. व्हीट या बिल्ड टूलमध्ये क्लायंटच्या कोडला तेच व्हेरिएबल दिसतात ज्यांच्या नावाआधी ‘व्हीट’ आणि अंडरस्कोअर असा उपसर्ग असतो. तो लावायचा राहिला, किंवा बिल्ड करणाऱ्या मशीनवर ते व्हेरिएबल नव्हतंच, की बेस यूआरएल अनडिफाइन्ड होतो. मग टेम्प्लेट स्ट्रिंगमध्ये तो शब्द अक्षरशः मिसळतो आणि रिक्वेस्ट जाते ‘अनडिफाइन्ड, स्लॅश, ऑर्डर्स’ या पत्त्यावर. हा रिलेटिव्ह पत्ता झाला, त्यामुळे तो आपल्याच फ्रंटएंड सर्व्हरकडे येतो आणि सर्व्हर आज्ञाधारकपणे इंडेक्स पान देतो. नेटवर्क टॅबमध्ये यूआरएलवर नजर टाकली तर ‘अनडिफाइन्ड’ हा शब्द तिथे लिहिलेला असतो. लोकलवर सगळं चालतं आणि डिप्लॉय केल्यावर पहिल्याच क्षणी मोडतं ते बहुधा या कारणाने. लक्षात ठेवा, ही व्हेरिएबल बिल्डच्या वेळी कोडमध्ये गोठवली जातात. नंतर सर्व्हरवर बदलून आणि रीस्टार्ट करून काही होत नाही, बिल्ड पुन्हा करावा लागतो.

दुसरी जागा स्लॅशची. यूआरएल कन्स्ट्रक्टरला बेस म्हणून ‘एपीआय, स्लॅश, व्ही१’ दिलं, शेवटी स्लॅश नसला आणि त्यावर ‘ऑर्डर्स’ जोडलं, तर ‘व्ही१’ गळून पडतं आणि पत्ता ‘एपीआय, स्लॅश, ऑर्डर्स’ असा होतो. जोडायचा पाथ स्लॅशने सुरू केला तर बेसमधला सगळाच पाथ जातो. स्टँडर्डप्रमाणे हे बरोबरच आहे, पण अपेक्षेच्या उलट. अ‍ॅक्सिओसचा बेस यूआरएल मात्र दोन्ही तुकड्यांमधले स्लॅश सांभाळून साधेपणाने चिकटवतो. म्हणजे एका लायब्ररीतून दुसरीकडे जाताना पाथ जसेच्या तसे कॉपी केले की हा एरर हमखास उगवतो.

‘लोकलवर ४०४ मिळतो, पण प्रॉडक्शनवर इंडेक्स पान’ असंही होतं. व्हीटसारखे डेव्ह सर्व्हर इंडेक्स पान देण्याआधी अ‍ॅक्सेप्ट हेडर (कोणत्या प्रकारचं उत्तर हवंय ते सांगणारं) बघतात: फक्त जेसन मागितलं असेल तर एचटीएमएल देत नाहीत. एनजिनएक्सची ‘ट्राय फाइल्स’ ही फाइल शोधायची सेटिंग हेडरकडे बघत नाही. त्याला एपीआयच्या पाथसाठी वेगळा लोकेशन ब्लॉक द्यावा लागतो, म्हणजे ती वाट इंडेक्सपर्यंत पोचणारच नाही.

दुसरा प्रकार, संपलेलं सेशन

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये महिनोन्‌महिने छळणारा एरर हाच होता, म्हणून इथे जरा थांबतो.

युजर ऑर्डरची यादी उघडतो. टॅब तसाच ठेवून दुसऱ्या कामाला जातो. तासाभराने परत येतो, फिल्टर बदलतो आणि यादीच्या जागी कोरी जागा येते. तो वैतागून रिफ्रेश करतो, लॉगिन पान येतं, लॉगिन करतो, सगळं नीट चालतं. आमच्याकडे तक्रार पोचते ती ‘कधीकधी यादी येत नाही’ एवढीच. एरर लॉगमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि जिथे जेसन मेथड बोलावली त्या ओळीचा नंबर. त्या ओळीत काहीच चूक नाही, ती रोज हजारो वेळा चालते.

शेवटी आम्ही लॉगमध्ये चार गोष्टी वाढवल्या: स्टेटस, कंटेंट-टाइप, रिस्पॉन्सचा अंतिम यूआरएल आणि मजकुराची पहिली २०० अक्षरं. मग वाट बघितली. पुढच्या वेळी एरर आला तेव्हा लॉग वाचायला अर्धा मिनिट पुरला. स्टेटस २००. कंटेंट-टाइप टेक्स्ट/एचटीएमएल. मागितलेला पाथ ऑर्डर्सचा, अंतिम पाथ लॉगिनचा. आणि पहिल्या २०० अक्षरांत टायटलचा टॅग, त्यात आमच्याच अ‍ॅपचं नाव आणि ‘लॉगिन’.

घडत होतं ते असं. सेशन संपलं होतं. ऑथेंटिकेशनचं मिडलवेअर रिक्वेस्टला ३०२ देऊन लॉगिनकडे वळवत होतं. पान उघडणाऱ्या माणसासाठी ते योग्यच आहे. फेच रिडायरेक्टच्या मागे आपणहून जातं, आपल्याला मधला ३०२ कळतही नाही. लॉगिन पान २०० ने आलं, रिस्पॉन्स ‘ओके’ ठरला आणि लायब्ररीने विश्वासाने ते पार्स करायला घेतलं. रिफ्रेश केल्यावर एरर का जायचा तेही उमगलं: रिफ्रेशमध्ये अख्खं पानच लॉगिनला जायचं आणि नवीन सेशन मिळायचं. पोस्टमनमध्ये का दिसायचा नाही? कारण तिथे आम्ही नेहमी ताजं टोकन लावून तपासायचो.

याची खूण कोडमध्येही मिळते. रिस्पॉन्सवर ‘रिडायरेक्टेड’ नावाची प्रॉपर्टी असते आणि त्याचा ‘यूआरएल’ हा शेवटचा यूआरएल असतो. मागितलेला आणि मिळालेला पाथ वेगळे निघाले की शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

उपाय बॅकएंडला करायचा. एपीआयच्या पाथवर सेशन नसेल तर रिडायरेक्ट नाही. ४०१ आणि सोबत जेसन. फ्रंटएंडने ४०१ बघून ‘सेशन संपलं, पुन्हा लॉगिन करा’ असं स्पष्ट सांगायचं, आणि युजरने भरलेला फॉर्म जपून ठेवायचा. फॉर्मचा मुद्दा मी मुद्दाम लिहितोय. पोस्ट रिक्वेस्टला ३०१ किंवा ३०२ मिळाला की फेच पुढची रिक्वेस्ट गेट म्हणून करतं आणि बॉडी टाकून देतं. ३०७ आणि ३०८ मध्ये मेथड तशीच राहते, पण लॉगिनकडे वळवताना ते सहसा कोणी वापरत नाही. म्हणजे युजरने वीस मिनिटं खपून भरलेला अर्ज वाटेतच हरवतो आणि त्याच्या पदरी कोरी जागा पडते.

लॉगिन पान वेगळ्या ओरिजिनवर (प्रोटोकॉल, डोमेन किंवा पोर्ट वेगळा) असेल, उदाहरणार्थ सिंगल साइन-ऑनचा सर्व्हर, तर कारण हेच पण एरर निराळा: तिथून सीओआरएसचे हेडर येत नाहीत, ब्राउझर अडवतो आणि कन्सोलमध्ये ‘फेल्ड टू फेच’ दिसतं. लोक मग सीओआरएसच्या मागे लागतात. आधी सेशन जिवंत आहे का ते बघा.

आणि फ्रंटएंड एका सबडोमेनवर, एपीआय दुसऱ्या सबडोमेनवर असेल तर ती दोन वेगळी ओरिजिन झाली. फेचचं ‘क्रेडेन्शियल्स’ डीफॉल्टने ‘सेम-ओरिजिन’ असतं, त्यामुळे कुकी जातच नाही आणि सर्व्हरला प्रत्येक युजर अनोळखी वाटतो. तिथे ‘इन्क्लूड’ द्यावं लागतं. मग सर्व्हरला अलाऊ-ओरिजिनमध्ये तारा (‘*’, म्हणजे कोणीही) चालत नाही, नेमका ओरिजिन लिहावा लागतो, आणि अलाऊ-क्रेडेन्शियल्स ट्रू हवं.

मधल्या मंडळींची पानं

५०२, ५०४, ४१३ ही पानं केवायमध्ये एचटीटीपी-एरर म्हणून येतात, थेट फेचमध्ये ‘<’ म्हणून. दोन आकडे माहीत असले की ओळख पटकन पटते. एनजिनएक्समध्ये अपलोडची मर्यादा डीफॉल्टने १ एमबी असते, त्यापुढे ४१३. म्हणून ‘छोटे फोटो चढतात, मोठे चढत नाहीत आणि जेसनचा एरर येतो’ ही तक्रार ऐकली की मी सरळ ती सेटिंग उघडतो. एक्स्प्रेसच्या जेसन पार्सरची मर्यादा त्याहून कमी, १०० केबी. दुसरा आकडा ६० सेकंद: बॅकएंडकडून तेवढा वेळ काहीच आलं नाही तर एनजिनएक्स ५०४ देतो. बरोबर एका मिनिटाने मोडणारी रिक्वेस्ट दिसली तर दुसरीकडे शोधू नका. केवायचा स्वतःचा टाइमआउट डीफॉल्टने १० सेकंद आहे, त्यामुळे तिथे आधी टाइमआउट-एरर दिसतो. कोणीतरी तो वाढवला की हा ५०४ प्रकट होतो.

अ‍ॅक्सेप्ट हेडर मात्र सगळीकडे लावाच. लाराव्हेलसारखी फ्रेमवर्क हे हेडर बघून ठरवतात की समोर पान उघडणारा माणूस आहे की जेसन मागणारा प्रोग्रॅम. हेडर नसेल तर व्हॅलिडेशन चुकल्यावर ४२२ ऐवजी मागच्या पानावर रिडायरेक्ट मिळतो, आणि पुन्हा तीच गोष्ट. फेच डीफॉल्टने ‘काहीही चालेल’ असं हेडर पाठवतं.

‘<’ चा एक भाऊही आहे: ‘अनएक्स्पेक्टेड एन्ड ऑफ जेसन इनपुट’. बॉडी रिकामी असताना पार्स केलं की हा येतो. डिलीट केल्यावर २०४ येणं हे याचं नेहमीचं ठिकाण. केवायच्या आवृत्ती १ मधली जेसन मेथड २०४ ला रिकामी स्ट्रिंग देते, फेचची एरर फेकते.

कायमचा उपाय: एकच दार

प्रत्येक कॉलजवळ ट्राय-कॅच पेरू नका. प्रोजेक्टमध्ये एकच छोटं फंक्शन ठेवा आणि सगळ्या रिक्वेस्ट त्यातूनच जाऊ द्या. ते लायब्ररीकडून नुसता रिस्पॉन्स घेतं, लायब्ररीची जेसन मेथड वापरत नाही. स्टेटस २०४ असेल तर नल देऊन मोकळं होतं. मग कंटेंट-टाइप बघतं. तो जेसन असेल तर बॉडी आधी टेक्स्ट म्हणून वाचतं आणि नंतर स्वतः पार्स करतं. जेसन नसेल, किंवा पार्स फसलं, तर आपला स्वतःचा एरर फेकतं, ज्याच्यात मेथड, मागितलेला यूआरएल, मिळालेला यूआरएल, स्टेटस, कंटेंट-टाइप आणि मजकुराचा पहिला तुकडा असतो.

टेक्स्ट आधी का? कारण बॉडी एकदाच वाचता येते. जेसन मेथडने प्रयत्न करून फसलात आणि कॅचमध्ये टेक्स्ट मागितलं, तर क्रोम ‘बॉडी स्ट्रीम ऑलरेडी रेड’ असं सुनावतो आणि पुरावा हातातून जातो. क्लोन करूनही भागतं, पण टेक्स्टचा मार्ग सरळ आहे.

कंटेंट-टाइप तपासताना नुसती बरोबरीची तुलना करू नका. सर्व्हर अनेकदा ‘अ‍ॅप्लिकेशन/जेसन’च्या पुढे अर्धविराम देऊन ‘चारसेट’ जोडतो. अर्धविरामापर्यंत तोडा, लहान लिपीत करा आणि मग बघा. शिवाय ‘अधिक-जेसन’ने संपणारे प्रकारही जेसनच असतात, एररसाठी असलेला ‘प्रॉब्लेम-अधिक-जेसन’ २०२३ च्या आरएफसी ९४५७ मध्ये आहे आणि बरेच बॅकएंड तो पाठवतात. तपासणी जास्त कडक केली तर उद्या तुमचं हेच फंक्शन चांगले एरर मेसेज गिळून टाकेल.

केवायबाबत एक बारकावा. तिची जेसन मेथड वापरली की अ‍ॅक्सेप्ट हेडर ती स्वतः लावते. आपण रिस्पॉन्स घेऊन हाताने पार्स करायला लागलो की ती सोय जाते, आणि तिची टेक्स्ट मेथड थेट कॉलला जोडली तर हेडरही टेक्स्टचं लागतं. म्हणून केवायचा इन्स्टन्स बनवतानाच अ‍ॅक्सेप्ट हेडर लिहून ठेवा. दिलेलं हेडर ती बदलत नाही.

लॉगमध्ये मजकुराचा तुकडा टाकताना जपून. यूआरएलमध्ये टोकन असेल तर क्वेरी काढून टाका, आणि मजकूर २०० अक्षरांपुढे नको. ओळख पटायला तेवढा पुरतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: कॅचमध्ये रिकामा अ‍ॅरे परत करू नका. एरर दिसेनासा होतो, बोर्ड हिरवा होतो आणि युजरला पानावर ‘एकही ऑर्डर नाही’ असं दिसतं. ते खोटं आहे. ऑर्डर आहेत, आपल्याला आणता आल्या नाहीत. माणसं अशा पानावर विसंबून पुढचे निर्णय घेतात. ‘यादी आणता आली नाही, पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य आणि एक बटण, एवढं पुरे.

पोस्टच्या बाबतीत हात आखडता घ्या

‘पुन्हा प्रयत्न करा’चं बटण गेटसाठी ठीक आहे. पोस्टला ५०४ आला तर त्याचा अर्थ एवढाच की प्रॉक्सीने वाट बघणं सोडलं. मागे बॅकएंड काम करतच असू शकतो, आणि सत्तराव्या सेकंदाला ऑर्डर नोंदवून मोकळाही होतो. तोवर युजरने बटण दुसऱ्यांदा दाबलेलं असतं. केवाय पोस्टला डीफॉल्टने रिट्राय करत नाही ते याचसाठी. ‘एरर कमी व्हावेत’ म्हणून ती सेटिंग बदलायचा मोह टाळा. बदलायचीच असेल तर प्रत्येक फॉर्मला क्लायंटकडून एक युनिक किल्ली द्या आणि तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने नवीन ऑर्डर न करता जुनंच उत्तर द्यावं, अशी व्यवस्था आधी करा. तोपर्यंत पोस्ट फसल्यावर यादी नव्याने आणून ‘नोंद झाली आहे का’ हे तपासणं आणि मगच युजरला काय ते सांगणं, हेच सुरक्षित.

मुद्दाम मोडून बघा

बदल केल्यावर तो आपोआप सिद्ध होईल म्हणून वाट बघू नका, हा एरर तीन आठवडे दडून बसतो. डेव्हटूल्सच्या अ‍ॅप्लिकेशन टॅबमधून सेशनची कुकी पुसा आणि पान रिफ्रेश न करता फिल्टर बदला: ४०१ आणि सेशनचा निरोप दिसायला हवा. बॅकएंडची प्रोसेस थांबवा, प्रॉक्सी चालू ठेवा: ५०२ दिसायला हवा, ‘<’ नाही. एपीआयच्या पाथमध्ये एक अक्षर जास्त टाका: जेसनमधला ४०४ हवा, इंडेक्स पान आलं तर फॉलबॅकचा नियम अजून एपीआयपर्यंत पोचतोय. दोन एमबीची फाइल चढवा. एखादी नोंद डिलीट करा आणि २०४ ला काय होतं ते बघा. हे सगळं प्रॉडक्शनसारख्या सेटअपवर करा, कारण डेव्ह सर्व्हरसमोर एनजिनएक्स नसतो आणि यातले निम्मे एरर त्याच्याशिवाय उगवतच नाहीत.